गाडी का लागते? दोष पोटाचा नाही, वाद कानाचा आणि डोळ्यांचा. नांदेड-लातूर-तुळजापूरला निघण्याआधी हे वाचा

सुट्टी लागली, गाडी ठरली, दशम्या बांधून झाल्या. पहाटे नांदेडहून निघायचं, लातूरला मावशीकडे चहा घ्यायचा आणि दुपारच्या आत तुळजापूर गाठायचं, असा बेत. मग घरातून एक आवाज येतो : "तुम्ही जाऊन या बाबा, मला गाडी लागती."

आमच्या घरात हा आवाज आजीचा. कुलदैवत तुळजाभवानी, पण गेली काही वर्षं तिने दर्शनाला जाणंच सोडलं होतं. कारण गुडघे नव्हे, गर्दी नव्हे, कारण गाडी. प्रत्येक घरात अशी एक व्यक्ती असते. कुठे आजी, कुठे काकू, कुठे तिसरीतली पोरगी. तिच्यामुळे गाडी थांबते, सीट खराब होते, कुणीतरी चिडतं आणि पुढच्या वेळी ती व्यक्ती स्वतःहूनच "नको" म्हणते.

खरं तर हा त्रास बऱ्याच अंशी टाळता येतो. अडचण अशी की, बहुतेक घरांत उपाय पोटावर केले जातात आणि तेही मळमळ सुरू झाल्यावर. त्रासाचं मूळ असतं कानात आणि डोळ्यांत, आणि उपाय करायची वेळ असते गाडी सुरू होण्याआधी. ते कसं, हे समजून घेऊया.

गाडी लागते म्हणजे शरीरात नेमकं काय होतं?

आपण हलतोय की स्थिर आहोत, हे मेंदूला तीन ठिकाणांहून कळतं. पहिलं ठिकाण आतला कान. तिथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की त्या वळण टिपतात. त्यांच्या शेजारीच कॅल्शियम कार्बोनेटचे अतिसूक्ष्म स्फटिक असलेले दोन अवयव असतात. वेग वाढला, ब्रेक लागला, गाडी वर-खाली झाली की ते हे टिपतात. दुसरं ठिकाण डोळे. तिसरं म्हणजे स्नायू, सांधे आणि त्वचा. सीटचा दाब, मानेवरचा ताण हे सगळं तिथून कळतं.

इंजिनिअरिंगच्या भाषेत सांगायचं तर हे तीन सेन्सर आहेत आणि मेंदू त्यांची रीडिंग जुळवून एक उत्तर काढतो. चालताना तिघांचं उत्तर सारखं येतं. गाडीत मागच्या सीटवर मोबाइल बघत बसलेल्या मुलाचं काय होतं? डोळे सांगतात, "समोरचा पडदा स्थिर आहे, आपण बसलोय." कान सांगतो, "आपण डावीकडे वळलो, आता ब्रेक लागला, आता पुन्हा वेग वाढला." दोन रीडिंग जुळत नाहीत. हा मेळ बराच वेळ बसला नाही की मळमळ सुरू होते.

जेम्स रीझन आणि ब्रँड या ब्रिटिश अभ्यासकांनी १९७५ मध्ये या विषयावरच्या पुस्तकात ही कल्पना सविस्तर मांडली. मेंदूला अनुभवाने जे अपेक्षित असतं आणि प्रत्यक्षात जे जाणवतं, त्यातली तफावत म्हणजे हा त्रास. आजही गाडी, बस, जहाज, विमान या सगळ्यांच्या त्रासाचं हेच स्पष्टीकरण सर्वाधिक मानलं जातं.

कानाचा संबंध आहे, हे कशावरून?

याचा एक भन्नाट पुरावा आहे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी नौदल आणि नंतर नासाच्या संशोधकांनी गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातल्या ११ जणांवर प्रयोग केले. त्यातल्या बहुतेकांचा आतला कान लहानपणीच्या मेंदूज्वराने निकामी झाला होता, म्हणजे ऐकण्यासोबत तोल टिपणारा भागही गेला होता. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीने नेलं. संशोधकच उलट्यांनी बेजार झाले आणि हे लोक मजेत पत्ते खेळत बसले!

याचा अर्थ सरळ आहे. आतला कान नीट काम करत असेल, तर पुरेशी हालचाल झाल्यावर जवळपास कुणालाही हा त्रास होऊ शकतो. कुणाला लवकर होतो, कुणाला उशिरा, एवढाच फरक. त्यामुळे "तुझी प्रकृतीच नाजूक", "मनाचे खेळ आहेत" ही वाक्यं शास्त्राला धरून नाहीत. जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेलेले शुभांशू शुक्ला हे हवाई दलाचे कसलेले वैमानिक. अवकाशात पोहोचल्यावर सुरुवातीला फारसं बरं वाटत नव्हतं, असं त्यांनीही सांगितलं होतं. अवकाशात जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना पहिले काही दिवस असा त्रास होतो. मग चाकूरच्या पुढे आजीला मळमळलं, तर त्यात लाजण्यासारखं काय?

मग पोट का ढवळतं?

कानाचा आणि डोळ्यांचा वाद पोटापर्यंत का जातो, याचं एक रंजक उत्तर मिशेल ट्राइझमन यांनी १९७७ मध्ये मांडलं. माणूस लाखो वर्षं स्वतःच्या पायांनी चालत आला. त्या काळात डोळे आणि कान यांच्यात असा गोंधळ व्हायचा तो काही विषारी खाल्ल्यावर. त्यामुळे गोंधळ जाणवला की "पोटात विष गेलंय, बाहेर काढ" असा आदेश देण्याची मेंदूला सवय लागली असावी. हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही. पण उलटी झाल्यावर काही वेळ हलकं का वाटतं आणि गाडी पुन्हा सुरू झाली की त्रास पुन्हा का येतो, हे त्यातून लक्षात येतं. पोट रिकामं झालं, तरी वाद मिटलेला नसतो.

उलटी अचानक होत नाही. आधी जांभया येतात, तोंडात लाळ सुटते, चेहरा पांढरा पडतो, कपाळावर थंड घाम येतो, डोकं जड होतं. लहान मुलांना हे सांगता येत नाही. बडबड करणारं पोरगं एकदम गप्प झालं, की ओळखावं. सगळ्यात जास्त फायदा याच दहा-पंधरा मिनिटांत काही केलं तर होतो.

सगळ्यांना सारखा त्रास का होत नाही?

- दोन वर्षांखालच्या बाळांना हा त्रास क्वचित होतो. त्यानंतर तो वाढतो आणि साधारण सहा ते बारा या वयात सर्वाधिक असतो. पुढे बहुतेकांचा कमी होत जातो, पण सगळ्यांचा जात नाही.
- पुरुषांपेक्षा महिलांमध्ये प्रमाण जास्त दिसतं. गरोदरपणात आणि मासिक पाळीच्या दिवसांत तो वाढू शकतो.
- अर्धशिशीचा त्रास असणाऱ्यांना गाडी जास्त लागते.
- घरात आई-वडिलांना त्रास असेल, तर मुलांना असण्याची शक्यता वाढते.
- गाडी चालवणाऱ्याला जवळजवळ कधीच लागत नाही. पुढच्या क्षणी ब्रेक लागणार की वळण येणार, हे त्याला आधीच माहीत असतं. मेंदूला अंदाज असतो, म्हणून तफावतच उरत नाही.

हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. पुढे काय होणार हे मेंदूला जितकं कळेल, तितका त्रास कमी. बाकीचे बरेच उपाय यातूनच निघतात.

नांदेड-लातूर रस्त्यावर घाट नाही, तरी गाडी का लागते?

हा प्रश्न आमच्याकडे हमखास विचारला जातो. नांदेडहून लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर, लातूर, औसा करत तुळजापूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ बराचसा सरळ आहे. नांदेड ते लातूर अंतर सुमारे १४० किलोमीटर आणि तिथून तुळजापूर आणखी सुमारे ७५ किलोमीटर. माहूरगडाकडे जाताना डोंगराची वळणं आहेत, तुळजापूरहून सोलापूरकडे उतरताना घाट आहे. मग इथे काय होतं?

उत्तर आहे हालचालीच्या लयीत. वाहनातली कंपनं शरीराला कितपत त्रास देतात हे मोजण्यासाठी आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात गाडी लागण्यासाठी ०.१ ते ०.५ हर्ट्झ हा टप्पा वेगळा धरला आहे. सोप्या भाषेत, दोन ते दहा सेकंदांत एकदा होणारी संथ हालचाल. सर्वाधिक त्रासदायक लय पाच सेकंदांना एक हेलकावा, याच्या आसपासची. खड्ड्यातले धक्के याहून कितीतरी जलद असतात. खड्डे कंबर दुखवतात. मळमळ मात्र संथ हेलकाव्यांनी होते.

आता आपला रस्ता आठवा. पुढे उसाची ट्रॉली. चालक वेग वाढवतो, समोरून ट्रक दिसला की ब्रेक लावतो, पुन्हा वेग वाढवतो, उजवीकडे घेतो, ओव्हरटेक करून डावीकडे येतो. गाव आलं की गतिरोधक, गाव संपलं की पुन्हा वेग. घाट नसला, तरी पाच-पाच सेकंदांचे हेलकावे चालूच असतात. त्यात मऊ सस्पेन्शनची मोठी गाडी आणि तिची तिसरी रांग असेल, तर डोलणं आणखी वाढतं.

"बैलगाडीत कुठं कोण ओकायचं?" असं आजी म्हणते, ते खोटं नाही. बैलगाडी दणके देते, पण वेग कमी, चारी बाजू मोकळ्या आणि पुढचा रस्ता डोळ्यांसमोर. कान आणि डोळे यांच्यात भांडण लागायला जागाच नाही.

गाडीत कुणी कुठे बसायचं?

आपल्याकडे जागावाटप मानाप्रमाणे होतं. पुढे भावजी किंवा काका, मधे मोठी माणसं, लहान मुलं आणि "कुठंही बसते" म्हणणारी आजी सगळ्यात मागे. गाडी लागण्याच्या दृष्टीने हे अगदी उलट आहे. मागच्या चाकांवरच्या आणि त्यामागच्या जागेला हेलकावे जास्त बसतात आणि समोरचा रस्ता दिसत नाही.

- मोठ्या माणसांपैकी ज्यांना त्रास होतो त्यांना पुढची सीट द्या. पट्टा लावून, डोकं सीटच्या टेकणाला टेकवून बसावं आणि नजर दूरच्या रस्त्यावर ठेवावी. बाजूने पळणारी झाडं पाहू नयेत.
- लहान मुलांना मात्र पुढे बसवू नका. एअरबॅग उघडली तर ती मोठ्या माणसाला वाचवते, पण लहान मुलाला गंभीर इजा करू शकते. मांडीवर घेऊन पुढे बसणं तर सर्वात धोक्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसनात सुरक्षित बसवलं नसेल, तर १,००० रुपये दंड आहे.
- मुलांसाठी मधल्या रांगेतली अशी जागा निवडा, जिथून दोन सीटच्या मधून समोरची काच दिसते आणि पूर्ण पट्टाही आहे. मूल बुटकं असेल तर उंची देणारं बूस्टर आसन लावा. बाहेरचं दिसणं हाच निम्मा उपाय आहे.
- एसटीने जाणार असाल तर पुढच्या किंवा मधल्या भागातली खिडकी घ्या, मागच्या चाकांवरची टाळा. उलट्या दिशेच्या आसनावर बसू नका.
- रेल्वेचा पर्याय असेल तर विचार करा. ब्रेक आणि वळणं सौम्य असल्याने अनेकांना गाडीत होतो तितका त्रास रेल्वेत होत नाही.

मोबाइलवर कार्टून लावून दिलं तर?

मूल शांत बसावं म्हणून आपण मोबाइल देतो आणि अहमदपूरच्या आत उलटी होते. आमच्या नऊ वर्षांच्या भाचीचं हे ठरलेलं. पडदा स्थिर, शरीर हलतंय. वाद लावून द्यायला याहून सोपा मार्ग नाही. पुस्तक, गृहपाठ, मोठ्यांचं व्हॉट्सॲप, सगळं त्यातच आलं.

कंपन्यांनीही हे ओळखलं आहे. ॲपलने २०२४ मध्ये आयओएस १८ सोबत 'व्हेईकल मोशन क्यूज' ही सुविधा दिली. गाडी वळली की पडद्याच्या कडेला ठिपके त्यानुसार सरकतात, म्हणजे डोळ्यांनाही हालचाल कळते. काहींना त्याचा उपयोग होतो. पण मुलांसाठी जुनाच मार्ग चांगला : गाणी, भेंड्या, गोष्टी, किंवा "पुढचं गाव कोणतं?" असा खेळ. आवडीचं संगीत ऐकताना त्रास कमी जाणवतो, असं प्रयोगांतही दिसलं आहे. आणि मूल झोपलं तर झोपू द्या. डोळे मिटले की एका सेन्सरची तक्रारच बंद होते.

खायचं काय आणि किती?

"पोट रिकामं ठेव, म्हणजे उलटी होणार नाही" हा सल्ला चुकीचा आणि "पोटभर खाऊन घे, वाटेत मिळणार नाही" हाही चुकीचा. निघण्याच्या तासभर आधी थोडं आणि साधं खावं. दशमी, मऊ भात, केळं, इडली, बिस्किटं चालतील. तेलकट धपाटे, भजी, झणझणीत निलंगा राईस परतीच्या मुक्कामासाठी ठेवा. पाणी घोट-घोट प्यावं. मोठ्यांनी प्रवासाच्या आदल्या रात्री मद्य टाळावं.

वासाचाही मोठा हात असतो. गाडीतला उग्र परफ्यूम, डॅशबोर्डवरची उदबत्ती, गुटखा, सिगारेट, डिझेलचा धूर यांनी मळमळ वाढते. गाडी आदल्या दिवशी आतून पुसून घ्या आणि परफ्यूम काढून ठेवा. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात बंद गाडीत कोंदटलेली गरम हवा त्रासात भर घालते. एसी लावला असला, तरी अधूनमधून बाहेरची हवा आत येऊ द्या आणि वाऱ्याचा झोत चेहऱ्यावर ठेवा. मळमळ सुरू झाली की सावकाश, एका लयीत, खोल श्वास घ्यायला सांगा. साधा वाटतो, पण या उपायाचा फायदा अभ्यासांत दिसला आहे.

आलं, लिंबू, आवळा सुपारी, पोटावर पेपर : यातलं खरं किती?

- आलं : काही अभ्यासांत फायदा दिसतो, काहींत नाही. आलेपाक किंवा आल्याचा तुकडा चघळायला हरकत नाही. रक्त पातळ करण्याची औषधं सुरू असतील, तर जास्त प्रमाणात घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.
- लिंबू, आवळा सुपारी, लवंग, बडीशेप : ठोस पुरावा नाही. पण तोंडाची चव आणि नाकातला वास बदलतो, त्याने बरं वाटू शकतं. अगदी लहान मुलांना सुपारी, लवंग, कडक गोळी देऊ नका. धक्क्याने घशात अडकू शकते.
- मनगटावरचे पट्टे : अभ्यासांत फारसा परिणाम दिसलेला नाही. अपायही नाही.
- पोटावर वर्तमानपत्र : आमच्या पेपरचा खप वाढला असता, पण याला शास्त्रीय आधार नाही. पेपर हातात घेऊन वाचत बसलात, तर उलट त्रास वाढेल.

गोळी कधी घ्यायची? कुणी घेऊ नये?

गाडी लागू नये म्हणून मिळणाऱ्या गोळ्यांत प्रोमेथाझिन, डायमेनहायड्रिनेट, सिनारिझिन, मेक्लिझिन अशी औषधं असतात. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेल्या एव्होमिनमध्ये प्रोमेथाझिनच असतं. त्यांचं काम मेंदूतल्या तोल आणि उलटीच्या यंत्रणेवर चालतं. म्हणून ती प्रवासाआधी घ्यावी लागतात. औषधानुसार अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत आधी, काही वेळा आदल्या रात्री. मळमळ सुरू झाली की जठराचं काम मंदावतं, गोळी नीट शोषली जात नाही आणि उलटीत निघूनही जाते. "लोह्यात मेडिकलवरून घेऊ" हा बेत म्हणूनच फसतो.

इथे काही चुका महागात पडू शकतात :

- दोन वर्षांखालच्या बाळाला प्रोमेथाझिन कधीही देऊ नका. त्याने श्वास धोकादायकरीत्या मंदावू शकतो. "मोठ्यांची अर्धी गोळी" ही पद्धत मोठ्या मुलांसाठीही चुकीची. मुलाचं वजन आणि वय पाहून मात्रा बालरोगतज्ज्ञांनीच ठरवावी.
- या गोळ्यांनी झोप येते आणि गुंगी बराच वेळ राहते. गाडी चालवणाऱ्याने त्या घेऊ नयेत. मद्य किंवा झोपेच्या गोळीसोबत तर नकोच.
- काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास, दमा, फिट्स असणाऱ्यांनी, ज्येष्ठांनी आणि गरोदर महिलांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.
- उलटी थांबवण्यासाठी सर्रास दिलं जाणारं ऑन्डान्सेट्रॉन गाडी लागण्यावर फारसं उपयोगी नाही. सर्दीच्या, झोप न आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्याही इथे चालत नाहीत.

आमच्या आजीला काचबिंदू आहे. म्हणून डॉक्टरांनी गोळीला थेट नकार दिला. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "त्या बसतात कुठे?" या लेखाची सुरुवात तिथूनच झाली.

गाडी चालवणाऱ्याने काय करायचं?

खरी गुरुकिल्ली चालकाच्या उजव्या पायात आहे. पुढच्या वाहनापासून अंतर ठेवा, म्हणजे सारखा ब्रेक लागणार नाही. गतिरोधकाच्या बऱ्याच आधी वेग कमी करा. वळणाआधी वेग उतरवा, वळणात नाही. गरज नसलेला ओव्हरटेक सोडा. ट्रॉलीमागे गेलेली पाच मिनिटं नंतर उलटीसाठी थांबण्यात जाणाऱ्या वीस मिनिटांपेक्षा परवडतात. इलेक्ट्रिक गाडीत पाय उचलताच गाडी आपोआप मंदावते. तिचं हे रीजनरेटिव्ह ब्रेकिंग सौम्य पातळीवर ठेवा.

दर तास-सव्वा तासाने थांबा घ्या. लोहा, अहमदपूर, लातूर अशी सोयीची ठिकाणं या वाटेवर आहेत. पाच-दहा मिनिटं खाली उतरून चाललं, दूरवर पाहिलं, की तिन्ही सेन्सर पुन्हा एका ओळीत येतात.

उलटी झालीच तर?

सर्वात आधी : खिडकीतून डोकं बाहेर काढू देऊ नका. बसमधून किंवा गाडीतून डोकं बाहेर काढून उलटी करताना शेजारून जाणाऱ्या वाहनाचा धक्का बसून जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत. दारं घाईत उघडू नका. महामार्गाच्या कडेला धोकादायक जागी न थांबता पेट्रोल पंप, ढाबा किंवा रुंद कडेपर्यंत जा. त्यासाठीच प्रत्येक त्रास होणाऱ्या व्यक्तीच्या हाताशी दोन जाड पिशव्या, ओला रुमाल, पाण्याची बाटली आणि बदलायचे कपडे ठेवा. डिकीत नव्हे, हाताशी.

उलटीनंतर चूळ भरू द्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग ओआरएस किंवा पाणी चमच्या-चमच्याने द्या. लगेच भरपूर पाणी दिलं तर तेही बाहेर येतं. मधुमेहाचं औषध किंवा इन्सुलिन घेतलेल्या व्यक्तीला उलट्या झाल्या, तर साखर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं तर साखर तपासा, शुद्धीत असल्यास गोड द्या आणि दवाखाना गाठा.

आणि मुलावर ओरडू नका. "आता पुन्हा करशील ना!" या धास्तीनेच पुढच्या वेळी गाडीचं दार उघडताच त्याला मळमळायला लागतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

प्रवास संपल्यावर हा त्रास साधारणपणे काही तासांत ओसरतो. पुढील लक्षणं असतील, तर त्याला 'गाडी लागली' म्हणून सोडून देऊ नका :

- प्रवास थांबून बराच वेळ झाला तरी उलट्या सुरूच आहेत
- तीव्र डोकेदुखी, ताप, मान आखडणं, एकाचं दोन दिसणं
- बोलण्यात किंवा चालण्यात अडखळणं, एका बाजूला अशक्तपणा
- अचानक कमी ऐकू येणं, प्रवासाशिवाय गरगरणं
- छातीत दुखणं, उलटीत रक्त
- मुलाला सहा-आठ तास लघवी न होणं, डोळे खोल जाणं, सुस्ती

सवयीने त्रास कमी होतो का?

होतो. वारंवार सौम्य अनुभव मिळाला की मेंदू नवीन हालचालीला सरावतो. हवाई दलात प्रशिक्षणार्थी वैमानिकांना असंच टप्प्याटप्प्याने सरावलं जातं. घरच्यांसाठी याचा अर्थ असा : वर्षातून एकदाच थेट दोनशे किलोमीटर नेण्यापेक्षा, आधी अर्ध्या तासाच्या दोन-चार फेऱ्या मारा. नांदेडकरांनी विष्णुपुरीपर्यंत, लातूरकरांनी औशापर्यंत जाऊन यावं. त्रास सुरू होण्याआधी परत फिरायचं, एवढंच पथ्य. गाडी लागते म्हणून प्रवासच बंद केला, तर ही सवय मोडते आणि पुढचा प्रवास आणखी जड जातो.

निघण्याआधी एवढं पाहा

१. त्रास होणाऱ्या मोठ्या व्यक्तीला पुढची सीट, मुलांना मधल्या रांगेत पट्ट्यासह समोर दिसेल अशी जागा.
२. तासभर आधी हलकं खाणं.
३. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याआधी.
४. गाडीतला परफ्यूम बाहेर, पिशव्या हाताशी.
५. मोबाइल बंद, गाणी सुरू.
६. चालकाला एकच विनंती : सावकाश.

यंदा आम्ही आजीसाठी आधी विष्णुपुरीपर्यंत तीन फेऱ्या मारल्या. निघायच्या दिवशी बाबा मागे बसले आणि आजी पहिल्यांदाच पुढे. भाची मधल्या रांगेत, मोबाइल आईच्या पर्समध्ये. माळेगाव गेलं, अहमदपूर गेलं. चाकूरच्या पुढे आजी गप्प झाली. मी लगेच एका पेट्रोल पंपावर गाडी घेतली. ती खाली उतरली, दहा मिनिटं कडुलिंबाच्या सावलीत चालली, दोन घोट पाणी प्यायली आणि पुन्हा पुढच्या सीटवर येऊन बसली. उलटी झाली नाही. लातूरला मावशीकडे चहा झाला आणि दुपारी थोडं उशिराच, पण तुळजापूर आलं.

परतीच्या वाटेवर बाबा सवयीने पुढचं दार उघडायला गेले. आजी आधीच बसली होती.